पंधरा मिनिटं आधी, पंधरा मिनिटं नंतर

"खोकला किती हाय ते पाहू नका वहिनी. लेकरू दूध किती ओढते ते पाहा. दूध कमी झालं की घरी थांबू नका."

छकुली नऊ महिन्यांची होती तेव्हा धम्मशीलानं मला हे सांगितलं होतं. धम्मशीला आमच्या गावची आशाताई. ती ओट्यावर बसून वहीत काहीतरी भरत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मी "हो हो" म्हणाले. तिला सही पाहिजे होती, ती दिली. मनात एवढंच आलं की हिचं शिक्षण दहावी, माझं बीएस्सी, आणि ही मला माझ्याच पोरीला पाजायला शिकवते. धम्मशीलाला आम्ही नेहमी ओट्यावरच बसवायचो. आत का बोलवत नाही, हे या घरात आल्यापासून मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता जे सांगते ते त्यानंतर दीड महिन्यानं घडलं, डिसेंबरात.

त्याआधी दिवाळीच्या सुमारास छकुलीला पहिली मोठी सर्दी झाली होती. माझ्या नवऱ्यानं, दीपकनं, आणि मी तिला चिखलीला लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिला मशीननं वाफ दिली. मास्क तोंडावर धरला की ती इतकी रडायची की ओठ जांभळे पडायचे. मी तिचे हात धरून ठेवले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि हात तर मीच धरलेले. घरी आल्यावर मी ठरवलं की पुन्हा हे नाही.

पुढच्याच आठवड्यात बस स्टँडजवळच्या एका दुकानातून मी होमिओपॅथीचा डबा आणला. सहा छोट्या बाटल्या, हिरवी झाकणं, प्रत्येकीवर आकडा. वाहत्या सर्दीला एक नंबर, चोंदलेल्या नाकाला दोन, कोरड्या खोकल्याला तीन, छातीतल्या घरघरीला चार, असं. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, साखरेची गोळी आहे, लेकरू हसत खाते. अन् सुरुवातीला त्रास जरा वाढल्यासारखा वाटला तर भिऊ नका, औषध लागू पडून राह्यलं असं समजा."

त्या वेळची उरलेली सर्दी चार दिवसांत गेली. साधी सर्दी तशीही चार-पाच दिवसांत जाते, हे कॉलेजात मला कोणी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. पण श्रेय मी डब्याला दिलं.

डब्यात एक घडीचा कागद होता. त्यावर पथ्य होतं. कापूर, कांदा, लसूण, कॉफी यांपासून औषध दूर ठेवावे. औषधाच्या पंधरा मिनिटे आधी व पंधरा मिनिटे नंतर काही खाऊ-पिऊ नये. त्रास तीव्र असल्यास दर अर्ध्या तासाने चार गोळ्या.

मी हे नीट वाचणारी आहे. वाचताना माझ्या लक्षात आलं की अर्ध्या तासानं गोळी आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे मध्ये पाजायला काहीच वेळ उरत नाही. मग मी माझ्या हुशारीनं दर चाळीस मिनिटांनी गोळी करायची ठरवली. दोन डोसांच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी. तेवढ्यात पाजायचं. मी पट्टीनं रेघा मारून तक्ता बनवला: वेळ, बाटलीचा नंबर, ताप, खोकला. वर लाल पेनानं लिहिलं, "मध्ये काहीही देऊ नये." तो तक्ता मी फ्रिजला चिकटवला. मला त्याचा अभिमान होता.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी छकुलीचं नाक पुन्हा वाहायला लागलं. बुधवारी खोकला. गुरुवारी पहाटे ती घरघर वाजायला लागली, मांजर अंगावर झोपल्यावर जसा आवाज येतो तसा. मी चार नंबरची बाटली काढली. सहा वाजता पहिला डोस. थर्मामीटर लावला, ताप नाही. मी निर्धास्त झाले. माझ्या डोक्यात ताप म्हणजे आजार, आणि ताप नाही म्हणजे सर्दी.

दीपक जिनिंगमध्ये कामाला आहे. कापसाचा हंगाम असल्यानं सकाळी सातलाच निघाला. जाताना म्हणाला, "वाजते वं जास्त. दवाखान्यात नेऊ का?"

"पुन्हा ते मशीन लावतील. मी बघते."

"पाह्य बाप्पा. तुले समजते माह्यापेक्षा."

माझ्या सासूबाई, जनकाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केली आणि कापराची वडी त्यात चुरडायला घेतली. मी त्यांच्या हातातून वडी काढून घेतली. "आत्याबाई, कापूर नाही. औषधाचा गुण जातो."

"कापराच्या वासानं जाते ते कसलं औषध वं? एवढं लाजाळू."

मला हसू आलं. वडी मी डबीत टाकली आणि डबी मागच्या पडवीत नेऊन ठेवली.

सहा चाळीस, सात वीस, आठ. मी मोबाइलला गजर लावला होता. गजर झाला की चार गोळ्या झाकणात घ्यायच्या, हात लावायचा नाही, तिच्या जिभेवर ठेवायच्या. गोळी गोड, त्यामुळे ती जीभ बाहेर काढायची. पहिले दोन-तीन डोस तर हसली पण. मग मधली दहा मिनिटं आली की मी तिला पदराखाली घ्यायचे. ती तोंड लावायची, दोनदा ओढायची, नाक चोंदलेलं म्हणून सोडायची, खोकायची, रडायची. रडणं थांबेपर्यंत दहा मिनिटं संपलेली असायची.

नवाच्या आसपास ती स्वतःच माझ्या कुशीत शिरली. ब्लाउजला तोंड घासायला लागली.

"भूक लागली तिले," आत्याबाई म्हणाल्या. "पाज ना."

मी घड्याळ बघितलं. "अजून आठ मिनिटं."

"काह्याचे आठ मिनिटं?"

"गोळी दिलीय ना आत्ता. तोंडात दूध गेलं तर गोळी वाया जाईल."

"चार पोरं वाढवले म्या. घड्याळ पाहून कोनाले पाजलं नाही बाई." त्या उठून चुलीकडे गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, "लेकरानं आता येष्टीसारखी येळ पाहाव, अन् मंग भूक लागू द्याव."

मी छकुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं. आठ मिनिटं झाली तेव्हा ती झोपली होती. झोपलेल्या लेकराला कशाला उठवायचं, म्हणून मी तिला पाळण्यात घातलं. गजर झाल्यावर मात्र उठवलं, गोळीसाठी.

ही गोष्ट मला आता आठवते. दुधासाठी नाही उठवलं, गोळीसाठी उठवलं.

बाराच्या सुमारास तिनं रडणं सोडलं. मी तक्त्यावर लिहिलं, "खोकला कमी. शांत." माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे ते. मी आत्याबाईंना म्हणाले सुद्धा, "बघा, लागू पडलं." लंगोट चाचपून पाहिलं, कोरडं होतं. बरं वाटलं, थंडीत ओलं राहायला नको.

आत्याबाईंनी पाळण्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडल्या. मला वाटलं शेजारी गेल्या असतील.

मी छकुलीजवळ बसले. एक वाजून वीस मिनिटांचा डोस द्यायचा होता. झाकण तिच्या तोंडाजवळ नेलं. जीभ बाहेर आली नाही. ओठ उघडले नाहीत. मी बोटानं ओठ बाजूला केला तर तो आतून कोरडा होता, बोटाला चिकटला. "छकुली," म्हटलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्या पाहण्यात ओळख होती, पण उत्साह काहीच नव्हता, जसं मी कोणी दूरची बाई.

भीती मोठ्यानं येते असं मला वाटायचं. तशी आली नाही. मी अजून झाकणातल्या चार गोळ्या सांभाळत बसले होते, सांडू नयेत म्हणून.

तेवढ्यात आत्याबाई आल्या, मागे धम्मशीला. धम्मशीला चप्पल काढून सरळ आत आली, पाळण्यापाशी. तिला कोणी थांबवलं नाही आणि ती कोणासाठी थांबली नाही. तिनं छकुलीचा स्वेटर, झबलं गळ्यापर्यंत वर केलं.

सकाळपासून मी सात वेळा थर्मामीटर लावला होता. झबलं एकदाही वर केलं नव्हतं, थंडी वाजेल म्हणून. आता पाहिलं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पोट वर, छाती आत. एवढीशी छाती, आणि ती आत ओढली जात होती, जसं आतून कोणी दोरी धरून खेचतंय.

धम्मशीलानं मोबाइलवर मिनिट लावलं आणि मोजायला सुरुवात केली. तिचे ओठ हलत होते. मिनिट संपायला इतका वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "पन्नासच्या खाली पायजे. वहिनी, सकाळपासून शू किती खेपा केली?"

मी फ्रिजकडे पाहिलं. तक्त्यात वेळ होती, बाटलीचा नंबर होता, ताप होता, खोकला होता.

"सकायचंच लंगोट हाय ते," आत्याबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं ना. भिजलंच नाही."

"दूध?"

मी तक्त्यावरची लाल ओळ पाहिली. आत्याबाईंनी त्या आठ मिनिटांचं सांगितलं नाही. सांगू शकल्या असत्या.

मी छकुलीला उचललं आणि ब्लाउजची बटणं काढायला लागले. धम्मशीलानं माझा हात धरला. "आता नाही वहिनी. इतकी धाप लागली, आता पाजलं तर दूध श्वासात जाईन. उभी धरा तिले. खांद्याशी. फक्त उभी धरा."

दिवसभर ती मागत होती तेव्हा मी थांबवलं. आता मला द्यायचं होतं आणि देता येत नव्हतं. दूध दाटून झबल्यावर पाझरत होतं, पोरगी छातीशी होती, आणि द्यायचं नाही.

एकशे आठला फोन लावला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली आहे, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. चाळीस मिनिटं. धम्मशीला फाट्याकडे पळाली. माणिकरावांची काळीपिवळी जीप तिथं चिखलीसाठी भरून उभी होती. ते गाडी थेट आमच्या दारात घेऊन आले. आतली माणसं न सांगता उतरली, आम्ही तिघी बसलो. एक म्हातारे बाबा तेवढे बसून राहिले, त्यांनाही चिखलीलाच दवाखान्यात जायचं होतं. माणिकराव म्हणाले, "बसा बाबा तुमी, पन बोलू नका." बाबा चिखलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

गाडीत देवाच्या फोटोपुढे कापूर जाळलेला होता, त्याचा वास भरला होता. माझ्या मनात आलं, औषधाचा गुण जाईल. खरंच आलं. पोरीची छाती आत ओढली जात होती आणि माझं मन अजून त्या कागदावर होतं. मी खिडकीची काच खाली केली. धम्मशीलानं हात लांबवून वर केली. "गार हवा नको."

रस्त्यात ती दर दोन मिनिटांनी छकुलीच्या तळपायाला टिचकी मारत होती. छकुली कुरकुरली की म्हणायची, "हाव, रड माय, रड." एकदा टिचकी मारली आणि छकुली कुरकुरली नाही. धम्मशीलानं पुन्हा मारली. मग पुन्हा, जोरात. तेव्हा बारीक आवाज आला. माणिकराव आरशात पाहत होते, ते पुढे पाहायला लागले आणि गाडीचा वेग वाढला.

दवाखान्यात तिला माझ्या हातातून घेतलं. नाकाला ऑक्सिजनच्या बारीक नळ्या लावल्या. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. हात झाला, दुसरा हात झाला, पाय झाला. सुई टोचताना ती रडत नव्हती. दिवाळीत तिच्या रडण्याला घाबरून मी ज्या दवाखान्यातून पळाले, त्याच दवाखान्यात मी उभी राहून मनात म्हणत होते, रड, एकदा रड. शेवटी डोक्याची शीर मिळाली. तिथले केस कापले. आम्ही जावळ अजून काढलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचं पोटभर दूध कधी प्यायली?"

"काल रात्री," मी म्हणाले. आता दुपारचे तीन वाजत आले होते.

"सकाळपासून काय दिलंत?"

गाडीची वाट पाहताना मोबाइलमध्ये काढलेला तक्त्याचा फोटो मी दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. अकरा डोसांच्या वेळा होत्या, अकरा बरोबरच्या खुणा. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या.

"गोळीनं तिला काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "छातीच्या बारीक नळ्यांना सूज आहे. विषाणूनं येते, या वयात होतं. पण अशा पोराला जरा जरा करून सतत पाजावं लागतं, नाहीतर ते थकतं आणि सुकतं. तुम्ही तिला उपास घडवला."

"मला वाटलं ती शांत झाली."

"थकली होती."

दीपक आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत कापूस होता. काचेतून त्यानं पोरीकडे पाहिलं, डोक्यावरची ती पट्टी पाहिली. मी त्याला सगळं सांगायला लागले, वेळांसकट. तो म्हणाला, "थांब. आता नको सांगू." मग काचेकडेच पाहत म्हणाला, "म्या इचारलं होतं सकायी." एवढंच. पुन्हा कधी तो ते बोलला नाही. पण एकदा बोलला ते बोललाच.

संध्याकाळी साडेसहाला नर्स आली, छकुलीचं लंगोट चाचपलं आणि म्हणाली, "ओलं आहे." आत्याबाई खाली फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी ते ओलं लंगोट हातात घेतलं आणि कपाळाला लावलं. मी हसले आणि हसता हसता माझं रडणं थांबेना.

पाच दिवसांनी आम्ही घरी आलो. तक्ता मी फ्रिजवरून काढला. आता मी दिवसातून किती वेळा झबलं वर करून पाहते ते सांगायला लाज वाटते. ती झोपली की मिनिट लावते आणि मोजते. चौतीस. छत्तीस. पुन्हा मोजते. आत्याबाई म्हणतात, "पोटभर पेली, ढेकर देल्ला, आता झोपू दे तिले." धम्मशीला परवा आली होती. आत बसली, चहा घेतला. मी तिला म्हणाले, तुझं ऐकलं नाही मी. ती म्हणाली, "तुमीच एकट्या नाही वहिनी," आणि वही काढली.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढे काही लिहायचं नव्हतं.

पण एक सांगायचं राहिलं आहे. दिवाळीनंतरची ती सर्दी गेली तेव्हा मी त्या तक्त्याचा फोटो माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता. माझं माहेर संग्रामपूरकडचं, त्या सगळ्या तिकडच्या. चिखलीहून परतल्यावर तो फोटो काढून टाकता येईना, म्हणून मी पहिलं त्याच्याखाली लिहिलं, हा तक्ता वापरू नका. तिघींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं संपलं.

आज सकाळी माझ्या मावसबहिणीनं मला एक फोटो पाठवला. "उपयोगी आहे, छकुलीसाठी ठेव." माझंच अक्षर, पट्टीनं मारलेल्या माझ्याच रेघा. लाल पेनातली ओळ तशीच. भोवती कोणीतरी फुलांची चौकट केली होती आणि वर लिहिलं होतं, "डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रक." तिला हा फोटो तिकडच्याच कुठल्यातरी आयांच्या ग्रुपवरून आला होता. मी तिला विनवलं तेव्हा तिनं त्या ग्रुपवरचं बोलणं मला पाठवलं. बायकांनी आभार मानले होते. सगळ्यात शेवटी एकीनं काल दुपारी लिहिलं होतं, "आमचं बाळ कालपासून यावरच आहे. आधी खूप रडायचं. आता रडत नाही, शांत पडून असतं. खूप धन्यवाद."

नंबरासमोर पुष्पांजली एवढंच नाव. फोटोत एक तान्हं बाळ, पिवळ्या टोपड्यातलं. मी सकाळपासून सतरा वेळा फोन लावला, बंद येतो. ग्रुप चालवणाऱ्या बाईला ती कोण ते ठाऊक नाही, कोणीतरी कोणाच्या ओळखीनं जोडलेली. धम्मशीला तिकडच्या आशाताईंचे नंबर शोधते आहे. दीपक म्हणतो, गाडी काढतो, पण जाऊ कोणत्या गावाला?

तुम्ही संग्रामपूरच्या बाजूचे असाल, तुमच्या गावात, गल्लीत, नात्यात तान्हं बाळ असलेली कोणी पुष्पांजली असेल, तर तिच्या घरी जा. फोन करू नका, जा. बाळ झोपलंय म्हणाली तरी आत जा, झबलं वर करून छाती पाहा, आणि विचारा की ते दूध शेवटचं कधी प्यालं.